तार एक, जाळी अनेक

समजा, शाळेत संगणकांची प्रयोगशाळा आहे आणि शेजारीच कार्यालय. कार्यालयातल्या संगणकांत गुणपत्रकांच्या नोंदी आहेत. दोन्हीकडच्या तारा एकाच पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, जातात. नव्या तारा न ओढता ही दोन जाळी वेगळी ठेवता येतील का? येतात. पण ज्या युक्तीने हे जमते, ती मुळात भिंत घालण्यासाठी शोधलेली नव्हती!

मे १९७३ मध्ये अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. एक केबल आणि तिला जोडलेले सगळे संगणक. एकाचे बोलणे सर्वांना ऐकू जाई. दोघे एकदम बोलले की संदेशांची टक्कर होई. मग दोघेही थांबत आणि कमीजास्त वेळाने पुन्हा बोलत.

संगणक वाढले तशा टकरी वाढल्या. म्हणून लहान जाळी जोडणारे ‘ब्रिज’ आले. संदेशावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून कोण कोणत्या बाजूला आहे हे ब्रिज शिकतो आणि संदेश नेमक्या बाजूला सोडतो. मात्र ‘सर्वांसाठी’ असलेला संदेश सगळीकडे जातोच. त्यात तारांचे वर्तुळ तयार झाले तर तो संदेश कायम फिरत राहतो. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी यावर उपाय दिला: ब्रिजनी आपापसांत ठरवून काही तारा बंद ठेवायच्या, म्हणजे जाळ्याचे झाड होते. झाडात वर्तुळ नसते.

पण मग बऱ्याच तारा रिकाम्या पडून राहतात आणि झाडाच्या मुळाशी गर्दी होते. बेलकोर संस्थेतील डेव्हिड सिंकोस्की यांनी प्रत्येक संदेशाला एक खूण जोडण्याचे सुचवले. लाल खुणेचे संदेश एका झाडावरून, निळ्या खुणेचे दुसऱ्यावरून. १९८८ मध्ये त्यांनी व चेस कॉटन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. हेतू होता गर्दी वाटून देण्याचा. पण लाल संदेश निळ्या गटात जाणारच नसेल, तर त्याच तारांवर दोन स्वतंत्र जाळी झाली की! हेच व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळे.

१९९० मध्ये ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने सात जोडांचा इथरनेट स्विच आणला. १९९८ मध्ये खुणेचे प्रमाण ठरले: संदेशात ४ बाइटांची भर, त्यातील १२ बिट गटाच्या क्रमांकासाठी. १२ बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. पहिला व शेवटचा राखीव, म्हणून ४०९४ वापरता येतात.

आता शाळेकडे वळू. एका स्विचचे २४ जोड पुरले नाहीत, तर त्या सोयीचे स्विच खास केबलने जोडून ‘स्टॅक’ करतात. मग ते एकच मोठा स्विच असल्यासारखे वागतात आणि मांडणी एकदाच करावी लागते. प्रथम स्टॅक जोडावा. मग गट ठरवावेत: कार्यालय १०, प्रयोगशाळा २०. प्रत्येक जोड त्याच्या गटात टाकावा. दुसऱ्या इमारतीतल्या स्विचकडे जाणाऱ्या जोडावरून दोन्ही गट खुणेसह जाऊ द्यावेत. याला ‘ट्रंक’ म्हणतात. दोन गटांना एकमेकांशी बोलायचे तर मध्ये राउटर लागतो, आणि कोणाला किती वाट द्यायची ते तिथे ठरते.

एक इशारा. खूण म्हणजे कुलूप नव्हे. तिने संदेश सांकेतिक होत नाही. प्रयोगशाळेतला एक जोड चुकून १० मध्ये गेला, तर तिथला संगणक कार्यालयाच्या जाळ्यात जाऊन बसतो. म्हणून कोणता जोड कोणत्या गटात, याचा तक्ता कागदावर लिहून ठेवावाच.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना लाल व निळ्या चिठ्ठ्या वाटा आणि एका मुलाला ‘स्विच’ करा. त्याने निरोप फक्त त्या रंगाच्या मुलांनाच द्यायचा. मुले कुठेही बसली तरी गट मोडत नाही. मग एकाची चिठ्ठी गुपचूप बदला आणि काय होते ते मुलांनाच शोधू द्या.