कॉइलनंतरची क्लिप

मेंदूतल्या धमनीची भिंत कमकुवत होऊन तिथे फुगा येतो, तो एन्युरिझम. १९३७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली आणि पुढची पन्नासेक वर्षे या आजाराचा इलाज मुख्यतः न्यूरोसर्जनच्याच हाती राहिला. १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये गुइडो गुग्लिएल्मी यांनी मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची कॉइल सोडली. २००२ मध्ये २१४३ रुग्णांवरच्या ‘आयसॅट’ चाचणीचा निकाल आला: वर्षभराने मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७. आता कवटी उघडायचे दिवस सरले, असे अनेक जण धरून चालले. ते घाईचे होते. कॉइलने सर्जनचे सोपे काम काढून घेतले आणि अवघड काम त्याच्याच वाट्याला ठेवले.

कारण कॉइल फुगा आतून भरते, त्याची मान बाहेरून बंद करत नाही. रक्ताच्या माऱ्याने तारांचा गोळा दबतो, मानेशी पुन्हा जागा होते. आयसॅटच्याच रुग्णांत पुन्हा उपचार करावे लागले ते कॉइलनंतर १७.४ टक्क्यांना, क्लिपनंतर ३.८ टक्क्यांना. कधी कॉइल मूळ धमनीत सरकते, कधी उपचार चालू असतानाच फुगा फुटतो आणि साचलेले रक्त काढायला कवटी उघडावीच लागते. जुनी कॉइल भिंतीला घट्ट चिकटलेली असते. ओढली तर भिंतच फाटायची. म्हणून मानेशी जागा असेल तर कॉइल आत ठेवूनच क्लिप लावतात. मानेतच तारा असतील तर क्लिपची पाती मिटत नाहीत; मग रक्तप्रवाह तात्पुरता रोखून फुगा उघडावा लागतो, नाहीतर बायपास करून तो धमनीसकट बाद करावा लागतो.

यावर आक्षेप असा, की पुन्हा उद्भवलेले बहुतेक फुगे आज नळीतूनच हाताळले जातात. त्यासाठी रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारी फ्लो डायव्हर्टर जाळीही आली आहे. हे खरेच आहे. पण अशी शस्त्रक्रिया विरळ झाली म्हणून सोपी झालेली नाही. डँडींनंतरच्या पिढ्यांचा हात साध्या फुग्यांवर बसला. ते फुगे आता कॉइलकडे जातात आणि नव्या सर्जनसमोर थेट गुंतागुंतीचाच फुगा येतो. म्हणून कॉइलनंतर क्लिप लागणारे रुग्ण मोजक्या केंद्रांकडेच पाठवावेत, जिथे कॉइल आणि क्लिप दोन्ही करणारे एकाच छताखाली आहेत.