गोंडीची पुस्तकं आणि आपल्या गटाचं रजिस्टर

बैठकीत मी कर्जाचा ठराव मराठीत वाचते. गोंडी बोलणाऱ्या बाया मान हलवतात, अंगठा देतात. हप्ता किती, व्याज किती, हे किती जणींना कळलं? म्हणून आज गोंडीच्या पुस्तकांची गोष्ट सांगते.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडी शब्द, गाणी टिपून ठेवली. ते १८६३ साली वारले. १८६६ मध्ये त्यांचे कागद छापले, पण पुस्तक इंग्रजी. ज्यांची गाणी, त्यांना ते वाचता येणार नव्हतं.

पुढे १९४३ साली, चंद्रपूरला लागूनच असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात, मारलवाई गावी अभ्यासक हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र काढलं. तिथं देवनागरीत गोंडी वाचनपुस्तकं आली. त्याच जिल्ह्यात अधिकारी असलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी स्वतः गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं. २०१९ साली तर आपल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडी शाळाच सुरू केली.

एवढे मोठे अधिकारी शिकले, मग मी का नाही? पुढच्या बैठकीपासून ठराव आधी गोंडीत सांगायचा, मगच अंगठा घ्यायचा. मी शब्दांची वही केली आहे. चुकले तर हसा, पण बरोबर शब्द सांगा.