आधी तोबरा, मग न्याहारी

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे चालले. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांत उत्तरेच्या सरकारने आपल्या घोडदळाला सुमारे २ लाख ८४ हजार घोडे पुरवले. या काळात प्रत्यक्ष मोहिमेवर असलेल्या स्वारांची संख्या मात्र कधीही ६० हजारांच्या वर गेली नव्हती. म्हणजे दर स्वारामागे दोन वर्षांत जवळजवळ पाच घोडे! एवढे घोडे गेले कुठे?

लढाईत मेले, असे उत्तर चटकन सुचते. पण तोफा-बंदुकांनी मेलेल्या घोड्यांपेक्षा उपासमार, अतिश्रम, पाठीच्या जखमा आणि रोग यांनी मेलेले किंवा निकामी झालेले घोडे कितीतरी जास्त होते. शिपायांचेही तसेच होते. या युद्धात गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर अशा रोगांनी अधिक माणसे मारली. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची ११ राज्ये फुटून निघाली आणि त्यातून हे युद्ध पेटले, हा इतिहास पाठ्यपुस्तकांत येतो. त्या युद्धातल्या साध्या स्वाराचा दिवस कसा जात असे, हे सहसा येत नाही. तो दिवस समजून घ्यायचा तर सुरुवात घोड्याच्या पोटापासून करावी लागेल.

घोडा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त चारा मावतो. घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे. गवतातले तंतू कुजवून पचवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यात चालते. त्यामुळे एकदम भरपूर खाऊन दिवसभर निवांत राहणे त्याला जमत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तासही थोडे थोडे चरत असतो. भुकेल्या घोड्याला एकदम खूप धान्य घातले तर पोटशूळ उठतो, खुरांच्या आतला भाग सुजून तो लंगडा होतो. शिवाय घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले वर काढण्याची सोयच नाही.

उत्तरेच्या सैन्यात घोडदळाच्या घोड्याचा ठरलेला रोजचा शिधा होता १४ पौंड वाळलेली वैरण आणि १२ पौंड चंदी, म्हणजे मका, ओट किंवा बार्ली. एकूण साधारण १२ किलो. स्वाराच्या स्वतःच्या शिध्याच्या सातआठ पट. हे सगळे खेचरांच्या गाड्यांतून यायचे आणि खेचरेही खाणारीच. वर्गात मुलांना घालण्याजोगे एक गणित पाहा. सहा खेचरांच्या गाडीत समजा ११०० किलो दाणा-वैरण भरली. एक खेचर रोज साडेदहा किलो खाते. कोठार तीन दिवसांच्या वाटेवर असेल, तर जाऊन-येऊन सहा दिवसांत खेचरेच ३७८ किलो फस्त करतील. उरलेल्या ७२२ किलोंत ६० घोड्यांचे एका दिवसाचे पोट भरेल. सहा हजार घोड्यांसाठी अशा १०० गाड्या रोज पोचायला हव्यात, म्हणजे ६०० गाड्या सतत रस्त्यावर! कोठार सहा दिवसांच्या वाटेवर असेल तर काय होईल, हे मुलांनाच काढू द्यावे.

म्हणून मोहीम सुरू झाली की वैरण पहिल्यांदा सुटायची. ती वजनाच्या मानाने जागा फार खाते. बरोबर फक्त चंदी घ्यायची आणि वाटेत मिळेल ते गवत चारायचे. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स (धाकटे) हे एका राष्ट्राध्यक्षाचे नातू आणि दुसऱ्याचे पणतू. ते मॅसॅच्युसेट्सच्या पहिल्या घोडदळ रेजिमेंटमध्ये अधिकारी होते. १८६३ च्या मे महिन्यात घरी लिहिलेल्या पत्रात त्यांनी याचा हिशोब दिला आहे. मोहिमेवर घोड्याच्या पाठीवर दिवसातले सरासरी पंधरा तास खोगीर असते; दाणा कागदोपत्री दहा पौंड, प्रत्यक्षात आठच; वैरण नाही; आणि पाणी मिळते तेही पुढच्या तुकडीने तुडवून गढूळ केलेल्या ओढ्याचे. ज्या जनावराला चरायलाच पंधरा तास लागतात, त्याच्या पाठीवर पंधरा तास खोगीर! घोडे कुठे गेले या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आता स्वाराचा दिवस. उजाडण्यापूर्वीच बिगुल वाजायचा. हजेरी झाली की लगेच पागेचा बिगुल. घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधायचा, खरारा करायचा, चारही खूर उचलून नाल हलतो आहे का ते पाहायचे. त्यानंतर स्वतःची न्याहारी. ही न्याहारी म्हणजे विटेसारखे कडक बिस्किट, खारवलेले डुकराचे मांस आणि कॉफी. बिस्किटात अळ्या असल्या तर ते गरम कॉफीत बुडवायचे आणि वर तरंगतील त्या काढून टाकायच्या. उत्तरेच्या शिपायाला निदान खरी कॉफी मिळत होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे तिकडे भाजलेली राय, चिकोरी, अगदी रताळी उकळूनही कॉफीची तहान भागवत.

मग खोगिराखाली घडी केलेले कांबळे. त्याला एक सुरकुती राहिली तरी संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटून निघे. स्वार, खोगीर, कार्बाइन, तलवार, पिस्तूल, काडतुसे, दोनचार दिवसांचा शिधा आणि चंदी मिळून ओझे शंभर किलोंच्या घरात जाई. दिवसाची मजल साधारण पन्नास किलोमीटरची. कधी चालत, कधी दुडक्या चालीने, मधूनमधून उतरून घोडा हाती धरून. चार-चारच्या रांगांनी चालणाऱ्या लांबलचक तुकडीत मागच्यांच्या वाट्याला धूळच यायची.

मुक्काम पडला तरी सुटका नव्हती. पुन्हा पाणी, तोबरा, खरारा. शत्रू जवळ असला तर रात्रीच्या चौकीवर खोगीर न उतरवता उभे राहायचे. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो, कारण त्याच्या पायातले स्नायुबंध सांधे अडकवून धरतात. पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवे व्हावेच लागते. स्वारांचे हाल याहून वेगळे नव्हते. घोड्यावर बसल्याबसल्या झोपलेल्या माणसांची वर्णने त्या काळच्या आठवणींत भरपूर सापडतात.

खुरांची कथा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावी हेन्री बर्डन यांच्या कारखान्यात यंत्रावर मिनिटाला साठ नाल निघत आणि ते उत्तरेला मिळत. दक्षिणेकडे नालांचा इतका दुष्काळ होता, की मेलेल्या घोड्याचे खूर कापून खोगिराला लटकवायचे आणि लोहार भेटला की त्यांचे नाल काढून आपल्या लंगड्या घोड्याला ठोकायचे, अशी पाळी स्वारांवर आली.

दोन्ही सैन्यांत आणखी एक फरक होता आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेल. उत्तरेचा स्वार बारगीर होता, घोडा सरकारचा. दक्षिणेचा स्वार शिलेदार होता, घोडा स्वतःचा. सरकार त्याला घोड्याच्या वापराचे रोज ४० सेंट देई आणि घोडा लढाईत मारला गेला तर किंमत भरून देई. मात्र उपाशी राहून किंवा रोगाने मेला तर भरपाई नाही. नवा घोडा आणायला रजा घेऊन घरी जायचे, नाहीतर पायदळात. सुरुवातीला शिलेदारी फायद्याची ठरली, कारण घरच्या घोड्याची माणूस जिवापाड काळजी घेतो. उत्तरेत मात्र कधी खोगिरावर न बसलेल्या गिरणी कामगारांच्या आणि कारकुनांच्या हाती सरकारी घोडे पडले होते. पुढे पारडे फिरले. उत्तरेने १८६३ मध्ये घोडदळासाठी स्वतंत्र खाते काढले, प्रत्येक रेजिमेंटला एक पशुवैद्य दिला, आणि वॉशिंग्टनजवळ गिसबरो येथे सुमारे तीस हजार घोडे मावतील असा प्रचंड तळ उभारला. शिलेदाराच्या घरी असलेला घोडा एकदा संपला की संपला.

घोडे एकत्र आले की रोगही आला. ग्लँडर्स हा त्यातला सर्वांत भयानक. नाकातून चिकट स्राव, गाठी आणि बहुधा मृत्यू. पाण्याचे हौद आणि तोबरे सामाईक असल्यामुळे तो झपाट्याने पसरे. व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे दक्षिणेच्या दोन डॉक्टरांनी आजारी घोड्यांचा अभ्यास करून हा रोग संसर्गाने पसरतो असा निष्कर्ष काढला. त्याचा जंतू सापडला १८८२ मध्ये, युद्ध संपून सतरा वर्षे झाल्यावर. हा रोग माणसालाही होतो, आणि भारतातल्या घोड्या-खेचरांतून तो अजून पूर्णपणे गेलेला नाही.

एवढे करून प्रत्यक्ष लढाई बरेचदा पायी होई! लांब पल्ल्याच्या बंदुकांपुढे घोडा हे मोठे निशाण असते. म्हणून चारांपैकी तिघांनी उतरून लढायचे आणि चौथ्याने चारही घोडे धरून मागे थांबायचे. गेटिसबर्गला १ जुलै १८६३ च्या सकाळी जॉन ब्यूफर्ड यांच्या स्वारांनी असेच उतरून, पायदळ येईपर्यंत शत्रूला थोपवून धरले. घोड्यांनी त्यांना योग्य जागी वेळेवर पोचवले होते. घोडदळाचे खरे काम एव्हाना तेच उरले होते.

हे सारे सेनापतींनाही कळत होते. १८६४ च्या हिवाळ्यात चाऱ्याअभावी दक्षिणेला आपले घोडदळ दूरदूर विखरून ठेवावे लागले. त्याच वर्षीच्या शरदात उत्तरेच्या फिलिप शेरिडन यांनी शेनानडोआ खोरे जाळले. गहू आणि वैरणीने भरलेली दोन हजारांवर कोठारे आणि सत्तरहून अधिक गिरण्या नष्ट केल्याचे त्यांनी स्वतःच कळवले. पानिपतावर चंदी-वैरण संपल्यावर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलाबाळांचा हिवाळा कसा गेला असेल, याची नोंद मात्र त्या अहवालात नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. अटी लिहिल्या जात असताना त्यांनी एक गोष्ट पुढे मांडली: आमच्या सैन्यात घोडदळाचे आणि तोफखान्याचे घोडे शिपायांच्या मालकीचे आहेत. उत्तरेच्या युलिसिस ग्रँट यांना हे माहीत नव्हते. त्यांनी अटींचा मसुदा बदलला नाही, पण ज्याचा घोडा किंवा खेचर असेल त्याला ते घरी नेऊ द्यावे, असा हुकूम अधिकाऱ्यांना दिला. नांगरणीचे दिवस होते.