खारीचा वाटा: पोकेमॉनच्या रणांगणावरील समतोलाचा इतिहास

१/ ऑगस्ट २०१४, वॉशिंग्टन डी.सी. पोकेमॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना. दक्षिण कोरियाच्या से-जुन पार्कच्या संघात ग्यारॅडॉस हा महाकाय जलसर्प आहे, गारचॉम्प हा ड्रॅगन आहे, आणि त्यांच्या पंगतीला बसलेली एक निळी-पांढरी खार: पाचिरिसू. गारचॉम्पच्या मूळ गुणांची बेरीज ६००, या खारीची अवघी ४०५. पार्क जिंकला, आणि त्याच दिवशी एक दंतकथाही जन्माला आली.

२/ दंतकथा अशी: सारे जग बलाढ्य राक्षस घेऊन आले, एकाने मात्र आपली लाडकी, दुबळी खार आणली आणि प्रेमाच्या बळावर जग जिंकले. मराठी मनाला ही कथा लगेच पटते, कारण ‘खारीचा वाटा’ आपल्या जिभेवर रुळलेला आहे. परंतु रामसेतूच्या लोककथेतही खार फक्त वाळू वाहते. सेतू बांधतात ते वानरच. तेव्हा पार्कच्या खारीने नेमके काय वाहिले, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचे उत्तर २०१४ मध्ये सापडत नाही. त्यासाठी १९९६ पर्यंत मागे जावे लागते.

३/ आपल्याकडे बहुतेकांना पोकेमॉन भेटला तो दूरचित्रवाणीवरील कार्टूनमधून, म्हणून मूळ खेळाचे व्याकरण दोन वाक्यांत सांगतो. प्रत्येक खेळाडूच्या संघात सहा प्राणी असतात, प्रत्येकाला चारच चाली येतात, आणि आग, पाणी, वनस्पती, वीज अशा ‘प्रकारां’मध्ये कोण कोणावर भारी हे ठरलेले असते. लढत चालू असताना प्राणी बदलता येतो, पण त्यासाठी एक खेळी खर्ची पडते. समतोलाची सारी चर्चा या शेवटच्या अटीतून उगवते: फुकट काहीच मिळत नाही.

४/ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ बाजारात आले. १५१ प्राणी, १५ प्रकार. निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्रावर, दोन यंत्रांना जोडणाऱ्या एका तारेने, मित्र मित्राशी लढू लागला. निर्मात्यांच्या आराखड्यात अदलाबदल आणि संग्रह यांना मोठे स्थान होते. लढतीचा हिशेब मात्र कच्चा राहिला होता, आणि खेळाडूंनी तो फार लवकर ओळखला.

५/ सर्वांत मोठे खिंडार होते ‘सायकिक’ प्रकाराचे. त्याला शह देऊ शकणारे दोनच: कीटक आणि भूत. कीटकांकडे नुकसान करणाऱ्या चाली मोजून तीन, त्याही दुबळ्या. भुतांची गोष्ट तर त्याहून मजेशीर. त्या पिढीच्या तक्त्यात भूत-चालीचा सायकिकवर परिणाम चक्क शून्य होता. शिवाय भूत प्रकाराचे एकमेव कुटुंब अर्धे ‘विषारी’ होते, आणि विषारी प्राणी सायकिकपुढे आधीच लुळे. म्हणजे चोर पकडायला पाठवलेला शिपाईच चोराला घाबरणारा.

६/ त्यात भर म्हणजे ‘स्पेशल’ हा एकच गुण आक्रमण आणि बचाव दोन्हींसाठी वापरला जाई. अलाकझॅमचा स्पेशल १३५ आणि वेग १२०. तो मारणार पहिल्यांदा, मारणार जोरात, आणि तशाच माराला तोंडही देणार. ‘प्रत्येक प्रकाराचा एकेक प्राणी घ्या, झाला समतोल’ हा बाळबोध सल्ला इथेच कोसळतो. तक्ताच जर एका बाजूला झुकलेला असेल, तर त्याच्या सर्व रकान्यांतून समान प्रतिनिधी घेतल्याने संघ समतोल होत नाही. तो फक्त तक्त्याइतकाच वाकडा होतो.

७/ मग त्या पिढीतले मुरलेले खेळाडू काय करत? टॉरोस, स्नोरलॅक्स आणि चॅन्सी. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून रुळलेल्या संघांचा कणा म्हणजे हे त्रिकूट, आणि गंमत अशी की तिन्ही एकाच ‘नॉर्मल’ प्रकाराचे! नॉर्मलला भारी पडतो तो फक्त ‘फायटिंग’, आणि फायटिंगला सायकिक खाऊन टाकतो. शत्रूचा शत्रू आधीच मैदानात उभा असताना तीन नॉर्मल बाळगण्यात धोका कसला?

८/ प्रकार एक असला तरी कामे तीन होती. चॅन्सीचे मूळ आरोग्य २५०. स्पेशल मारा ती पोटात घेई आणि स्वतःला बरे करी. शारीरिक माऱ्यापुढे मात्र ती कागदी होती, कारण तिचा त्या बाजूचा बचाव फक्त ५. तो मार झेलायला स्नोरलॅक्स. आणि शेवटचा घाव घालायला टॉरोस. त्या पिढीत निर्णायक फटक्याची शक्यता वेगावरून ठरे. ११० वेगाच्या टॉरोसला ती २१ टक्क्यांच्या वर मिळे. संघाची मोजणी प्रकारांनी करायची नसते, कामांनी करायची असते, हा शोध मला या खेळाच्या इतिहासातला पहिला खरा वैचारिक टप्पा वाटतो. तो कोणा एकाच्या नावावर नाही.

९/ अधिकृत स्पर्धांनी समतोलाला आणखी एक परिमाण दिले: अंदाजपत्रक. १९९७ च्या जपानमधील निन्टेन्डो चषकात सहा आणायचे, त्यांतले तीन निवडायचे. प्रत्येकाची पातळी ५० ते ५५, आणि तिघांची बेरीज १५५ च्या वर जाता कामा नये. आता ड्रॅगोनाइट पाहा. तो उत्क्रांत होतो तोच ५५ व्या पातळीला. त्याला खेळवायचे तर उरलेले दोघे ५० वरच ठेवावे लागत. एका सरदाराची मनसबदारी वाढवली की बाकीच्यांच्या शिधेला कात्री लागलीच.

१०/ १९९९ मध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले, आणि निर्मात्यांनी एका दमात दुरुस्त्या केल्या. ‘डार्क’ आणि ‘स्टील’ हे दोन नवे प्रकार आणले. भुताला त्याचे दात परत मिळाले. स्पेशलचे आक्रमण आणि बचाव असे दोन तुकडे झाले. सायकिकची सद्दी संपली. पण त्याच फाळणीत स्नोरलॅक्सच्या वाट्याला ११० चा स्पेशल बचाव आला. पूर्वी त्याचा स्पेशल ६५ होता. एक सिंहासन रिकामे झाले आणि दुसरा त्यावर जाऊन झोपला, अक्षरशः. त्या पिढीत स्नोरलॅक्सविना संघ ही दुर्मीळ वस्तू झाली.

११/ याच फाळणीत ग्यारॅडॉसचे मात्र नुकसान झाले. त्याचा स्पेशल १०० होता. विभागणीनंतर आक्रमणाच्या बाजूला उरले ६०. त्याचे शारीरिक बळ १२५, पण त्या काळी पाण्याच्या सगळ्या चाली ‘स्पेशल’ धरल्या जात. म्हणजे हा जलसर्प पाण्याचाच वार धडपणे करू शकत नव्हता! २००६ मध्ये ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांनी प्रत्येक चालीला शारीरिक की स्पेशल ही स्वतंत्र ओळख दिली, तेव्हा कुठे वॉटरफॉल ही चाल त्याच्या खऱ्या बळाला जोडली गेली. पार्कच्या विजयाची पूर्वतयारी शोधायची असेल तर ती आठ वर्षांपूर्वीच्या या कोरड्या नियमबदलात आहे. दंतकथेत असल्या गोष्टींना जागा नसते.

१२/ मधल्या काळातील घडामोडी धावत्या सांगतो. २००२ मध्ये ‘रुबी’ आणि ‘सफायर’ यांनी प्रत्येक प्राण्याला उपजत ‘ॲबिलिटी’ दिली आणि दोनास दोन अशी दुहेरी लढत आणली. २००४ मध्ये स्मोगन हा खेळाडूंचा समुदाय उभा राहिला. कोण किती वापरला जातो यावरून त्याने प्राण्यांच्या श्रेणी लावल्या आणि वॉल, स्वीपर ही परिभाषा रुजवली. २००९ पासून जागतिक स्पर्धेत व्हिडिओ गेमलाही स्थान मिळाले. तिथला नियम: दुहेरी लढत, सहा आणा, चार खेळवा.

१३/ दुहेरी लढतीने समतोलाचा अर्थच पालटला. एकेरीत संघ काळाच्या ओघात उलगडतो. एक जातो, दुसरा येतो. दुहेरीत दोघे एकाच वेळी मैदानात उभे असतात. त्यामुळे स्वतः जवळजवळ काहीच न मारणारा, पण शेजाऱ्याला मारू देणारा प्राणी अचानक मौल्यवान ठरतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे गुण फलकावर दिसतात, साखळी धरणाऱ्या कोपऱ्याचे काम मात्र जाणत्यालाच दिसते, तसे हे.

१४/ आता पुन्हा २०१४. त्या वर्षी फक्त कालोस प्रदेशाच्या यादीतील प्राण्यांना परवानगी होती, आणि मैदानावर दहशत होती मेगा कंगासखानची, जी पोटातल्या पिलासह एकाच चालीत दोनदा मारते. पार्कचे सहा असे: मेगा ग्यारॅडॉस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉयर, गॉथिटेल आणि पाचिरिसू. ग्यारॅडॉसची दुखरी नस १९९६ पासून एकच आहे: वीज. मेगा होण्यापूर्वी त्याला विजेचा फटका चौपट बसतो, मेगा झाल्यावर दुप्पट. टॅलनफ्लेमही विजेपुढे नरम. दोन-दोन मोहरे एकाच शस्त्राला बळी पडणारे, ही संघरचनेतील उघड फट.

१५/ या फटीत पार्कने खार बसवली. पाचिरिसूची ॲबिलिटी ‘व्होल्ट ॲब्सॉर्ब’: विजेचा मार बसला की नुकसान शून्य, उलट पाव आरोग्य परत. तिची चाल ‘फॉलो मी’: साथीदारावर येणारा एकलक्ष्यी वार ती स्वतःकडे ओढून घेते. दोन्ही एकत्र मांडा. शत्रूने ग्यारॅडॉसवर वीज टाकली की ती खारीकडे वळते आणि खार धष्टपुष्ट होते. ग्यारॅडॉस मोकळा.

१६/ बाकीच्या चालीही याच हिशेबातल्या. ‘नझल’ नुकसान नगण्य करते, पण लक्ष्याला हमखास लकवा आणते. त्या पिढीत लकव्याने वेग एक चतुर्थांशावर येई. ‘सुपर फँग’ समोरच्याचे उरलेले आरोग्य निम्मे करते, मारणारा कितीही दुबळा असो. दुबळेपणा जिथे आड येत नाही अशाच चाली तिला दिल्या होत्या, हे लक्षात घ्या. तिचे आक्रमण ४५ आहे की १४५, याने तिच्या कामात फरकच पडत नव्हता. ४०५ विरुद्ध ६०० ही तुलना ऐकायला रोमांचक आहे, पण तिने लढतीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

१७/ उलट बाजूही सांगायला हवी. फॉलो मी भूकंपासारख्या सर्वांवर पडणाऱ्या चाली वळवू शकत नाही. जमिनीच्या माऱ्यापुढे खार स्वतःच नाजूक. ज्या संघात विजेची भीती नाही, तिथे तिची निम्मी किंमत जाते. म्हणून ‘पाचिरिसू मुळात उत्तमच होती, लोकांनी ओळखली नाही’ हा दुसरा निष्कर्षही मला पटत नाही. ती त्या वर्षीच्या, त्या यादीतील, त्या पाच जणांच्या शेजारी उत्तम होती. यापलीकडे पुरावा जात नाही.

१८/ पुराव्याबद्दल थोडे, कारण या खात्याचे वाचक त्यासाठीच येतात. वापराचे आकडे सांगतात की कोणी काय आणले. सहांतले कोणते चार खेळवले आणि कोणत्या भीतीपोटी, हे ते सांगत नाहीत. विजेत्याचा संघ जपला जातो. आवडता प्राणी घेऊन पहिल्याच फेऱ्यांत हरलेल्यांचे संघ कोणी जपत नाही. बखरींच्या बाबतीत आपण ही सावधगिरी पाळतो. खेळाच्या इतिहासात मात्र एका खारीच्या मोहापायी ती सोडून देतो, आणि मग नवा खेळाडू ‘आवडेल ते सहा घ्या’ असा धडा घेऊन स्पर्धेत उतरतो नि पहिल्याच दिवशी गारद होतो.

१९/ दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, याची जणू उलटतपासणी झाली. नियमांनी दोन महाबलाढ्य ‘लेजेंडरी’ प्राण्यांना मुभा दिली आणि असंख्य संघ एकाच साच्यातून निघू लागले: झर्नियास, प्रायमल ग्राउडन, मेगा सॅलमेन्स, मेगा कंगासखान, स्मीअरगल, टॅलनफ्लेम. खेळाडू त्यांना ‘बिग सिक्स’ म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोतील जागतिक स्पर्धा जिंकली ती मात्र अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकने, मेगा रेक्वाझा आणि प्रायमल कायोगर ही जोडी घेऊन.

२०/ ग्राउडनच्या कडक उन्हात पाण्याच्या चाली मुळी लागूच पडत नाहीत. रेक्वाझाने आणलेला वारा ते ऊन पुसून टाकतो आणि कायोगरच्या पाण्याला वाट मिळते. पण कायोगरचे जुने दुखणे ग्यारॅडॉसचेच: वीज. ग्लिकच्या उरलेल्या चौघांत गेंगार, हिटमॉनटॉप आणि ब्रॉन्झाँग यांच्यासोबत एक रायचू होता, आणि रायचूला लाभू शकणारी ‘लायटनिंग रॉड’ ही ॲबिलिटी साथीदारावर येणारी वीज स्वतःकडे ओढून घेते. दोन वर्षांपूर्वी खारीने केलेले कामच, जवळजवळ जसेच्या तसे. त्या रायचूवर मात्र कोणी दंतकथा रचली नाही. त्याच्या शेजारी आकाश व्यापणारा ड्रॅगन उभा होता, आणि कॅमेरा तिकडेच वळत होता.