पोरगं जगलं पाहिजे

छप्पन्नच्या दुष्काळाची गोष्ट आजीने तिच्या आईकडून ऐकली आणि मी आजीकडून. तेव्हा तिच्यात तिखटमीठ पडलं असेल तर ते दोन पिढ्यांचं आहे. संवत 1956, म्हणजे इंग्रजी 1899-1900. पाथर्डीकडून पणजीचं बिऱ्हाड नगरला चालत निघालं. आईबाप, आठ वर्षांची पणजी, तिचा धाकटा भाऊ आणि एक शेळी. शेळी करंजीच्या घाटातच गेली. नगरजवळ सरकारी कामावर खडी फोडायला मिळाली. पण चार तोंडांना पुरेल एवढं हाती येईना. मग भावाला मिशनच्या कंपाउंडात नेऊन दिलं.

“दिला देऊन. पोरगं जगलं पाह्यजे ना बये,” आजी म्हणायची आणि शेंगा सोलत राहायची.

अमेरिकन मराठी मिशन नगरात 1831 पासून होतं. या दुष्काळात मिशनने हजारो पोरं सांभाळली. 1900 साली ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून अमेरिकेची मका मुंबईला उतरली. नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामासाठी सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. सर डी. एम. पेटिट यांच्या नावाच्या उद्योगशाळेत ही पोरं सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणं शिकली. पणजीचा भाऊ गालिच्यांवर बसला. हे उपकार खोटे नाहीत. आमच्या घरात ते कुणी नाकारलेही नाहीत. मला खटकतं ते एवढंच, की तो अनाथांच्या ओळीत बसला, तेव्हा त्याचे आईबाप गावाबाहेर खडी फोडत होते.

पुष्कळ वर्षांनी तो बहिणीला भेटायला आला. पायात बूट, बोलणं पुस्तकी. पणजीने पिठलं-भाकरी वाढली. त्याने जेवणाआधी डोळे मिटले आणि ती घाबरली. तिला वाटलं, भावाला घेरी आली. हा प्रसंग सांगताना आजी पोट धरून हसायची. नंतर म्हणायची, “जगला खरा. पण आमचा नाही ऱ्हायला.”

बहात्तरचा दुष्काळ काकूने सांगितला, तो वेगळ्याच चालीवर. ती पाझर तलावाच्या कामावर होती. हातात टोपली, बाभळीला झोळी, झोळीत तान्ही पोर. अमेरिकेचं धान्य याही वेळी आलं: लाल मिलो. त्याची भाकरी काकूच्या मते गुरांनीही हुंगून सोडली असती. सुकडी मात्र तिला आवडायची. मे 1973 मध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. पोरांना हगवण लागायची, डोळे यायचे. त्या दिवसांचं कौतुक करायला मी काही बसलेली नाही. पण पोरगं देऊन टाकायची पाळी काकूवर आली नाही. आईबापाला काम मिळालं आणि पोर आईच्या नजरेसमोर राहिलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला, तेव्हा कामावर पाणी, सावली आणि पोरं सांभाळायची सोय हवी, हे त्यात आलं. ही सोय कागदावर किती आणि बाभळीखाली किती, हे काकूला विचारावं.

कामामागे फिरणारी कुटुंबं पुढे मी स्वतःही पाहिली. आम्ही नगरच्या सावेडी भागात आलो तेव्हा इथे प्लॉट कमी आणि ज्वारी जास्त होती. मग गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड भराभर उभे राहिले. ते उभे करणारी कुटुंबं आमच्यासमोरच राहायची: बांधकामावर, स्लॅब पडलेल्या पण खिडक्या न बसलेल्या खोलीत. तीन विटांची चूल, साडीचा पडदा, वाळूच्या ढिगावर खेळणारी पोरं. फरशी बसली, रंग लागला की बिऱ्हाड पुढच्या साइटवर. उंबऱ्याची पूजा आणि वास्तुशांत दुसऱ्यांची. जनगणना बेघर धरते ती उघड्यावर, फूटपाथवर, पुलाखाली राहणाऱ्यांना. यांच्या डोक्यावर तर स्लॅब असतो! तसेच पाथर्डी-शेवगावचे ऊसतोडकरी: दिवाळीनंतर कारखान्यावर जाऊन कोपीत राहतात. मागे म्हाताऱ्यांपाशी ठेवलेलं पोरगं शाळा धरतं, पण आई सुटते. बरोबर नेलं तर आई मिळते आणि शाळा सुटते.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या योजनेत माप ठरलं होतं: लाख वस्तीमागे शंभर माणसांची कायमची सोय. 2011 ला नगर साडेतीन लाखांचं होतं, म्हणजे साडेतीनशे माणसांची. पण निवारा म्हटलं की बहुधा पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा. नवराबायको आणि दोन पोरांनी रात्री कोणत्या दारातून आत जायचं?

पोरांना वेगळं काढणं नेहमीच चूक, असं मी म्हणणार नाही. नगरच्या स्नेहालय संस्थेचं काम 1989 साली चित्रा गल्लीतल्या, वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या मुलांसाठी सुरू झालं; त्या मुलांना रात्री त्या गल्लीबाहेर झोपायला जागा हवीच होती. पण वसतिगृह हे गवंड्याच्या, बिगाऱ्याच्या घराच्या प्रश्नाला उत्तर नव्हे. त्याचं उत्तर मला काटवन खंडोबाजवळच्या संजयनगरात दिसतं. तिथल्या 298 कुटुंबांच्या झोपड्यांच्या जागीच पक्क्या इमारतींचा प्रकल्प हाती घेतला गेला, आणि लोकांना गावाबाहेर कुठेतरी नेऊन टाकलं नाही. आराखड्याआधी वास्तुरचनाकार बायकांशी बोलले: पापड कुठे वाळवता, संध्याकाळी कुठे बसता, पोरं कुठे खेळतात. म्हणून इमारतींत अंगणं आणि बसता येतील असे रुंद व्हरांडे आले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमाप्रमाणे घरावर बाईचंही नाव लागतं.

सावेडीत आमच्या मागच्या गल्लीत सध्या सहा मजली काम चालू आहे. तिथल्या वॉचमनच्या बायकोला मी संजयनगरबद्दल सांगितलं. तिने आधी विचारलं, “तिथं राहायला किती वर्षं एका जागी असावं लागतं?” पुराव्यासाठी जुनी वस्ती, जुने कागद लागतात, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “ताई, आम्ही एका जागी जास्तीत जास्त दोन वर्षं. बिल्डिंग लवकर झाली तर तेवढंपण नाही.”