तात्पुरत्या साठवणुकीचा इतिहास : ऑस्ट्रेलियातील किरणोत्सारी कचरा आणि ल्यूकस हाइट्स

अणुऊर्जेच्या इतिहासलेखनात बॉम्ब आणि वीजनिर्मिती या दोन विषयांना मोठे स्थान मिळाले. रुग्णालये व प्रयोगशाळा यांच्यामागे उरणाऱ्या कचऱ्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. ऑस्ट्रेलियात अणुवीज प्रकल्प एकही नाही; तरीही किरणोत्सारी कचरा ठेवायचा कोठे, हा प्रश्न तेथे तीन दशकांहून अधिक काळ अनिर्णित आहे.

सिडनीच्या नैऋत्येस असलेल्या ल्यूकस हाइट्स येथे १९५८ मध्ये 'हायफार' ही संशोधन अणुभट्टी सुरू झाली. ती २००७ मध्ये बंद झाली आणि तिची जागा 'ओपल' या २० मेगावॅटच्या अणुभट्टीने घेतली. येथे तयार होणाऱ्या मोलिब्डेनम-९९ पासून रोगनिदानासाठी टेक्नेशियम-९९एम मिळते. त्याचा अर्धायुकाल अवघा सहा तासांचा. रुग्णालयात वापरलेले असे साहित्य काही दिवसांत निरुपद्रवी होते. परंतु मोलिब्डेनमच्या निर्मितीतून उरणारा कचरा आणि वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर परत येणारा मध्यम पातळीचा कचरा हजारो वर्षे जपावा लागतो. फ्रान्समधून असा काचबद्ध कचरा २०१५ मध्ये आणि ब्रिटनमधून २०२२ मध्ये ल्यूकस हाइट्सला परत आला. 'कचरागृह नसेल तर रुग्णांचे उपचार थांबतील' या सरकारी युक्तिवादात म्हणूनच अर्धेच तथ्य होते. कचऱ्याचे मूळ वैद्यकीय उत्पादनात होते हे खरे. पण उपचार उद्या थांबतील अशी स्थिती नव्हती.

कायमस्वरूपी जागेचा शोध १९९२ मध्ये सुरू झाला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील वूमेरा परिसरावर येऊन थांबला. तेथे कूबर पीडीच्या आदिवासी ज्येष्ठ स्त्रियांनी 'कूपा पिती कुंगका जूता' या नावाने विरोध उभा केला. १९५३ मधील इमू फील्ड येथील ब्रिटिश अणुचाचण्यांची स्मृती या पिढीजवळ होती. 'ओसाड प्रदेश' हे नकाशावरील वर्णन त्यांच्या दृष्टीने निरर्थक होते. केंद्र सरकारने २००३ मध्ये तातडीचे अधिकार वापरून जमीन संपादित केली. २००४ मध्ये फेडरल न्यायालयाने ते संपादन अवैध ठरवले आणि योजना सोडून द्यावी लागली. पुढे नॉर्दर्न टेरिटरीतील मकाटी हे स्थळ २००७ मध्ये सुचवण्यात आले. परंपरागत जमीनधारकांपैकी अनेकांनी दावा दाखल केला आणि २०१४ मध्ये, सुनावणी चालू असतानाच, तो प्रस्ताव मागे घेण्यात आला.

तिसरा प्रयत्न किंबा गावाजवळील नापान्डी या शेतजमिनीचा. २०१९ च्या स्थानिक मतदानात सुमारे ६२ टक्के कौल बाजूने पडला. परंतु परिषदेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या बार्नगार्ला लोकांना त्यात मताधिकार नव्हता. त्यांनी स्वतंत्र मतदान घेतले. ८३ मते पडली, त्यांत एकही होकार नव्हता. मतदारयादी कोण ठरवतो, यावरच लोकसंमतीचा निष्कर्ष किती अवलंबून असतो याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. २०२१ मध्ये स्थळ अधिकृतपणे जाहीर झाले. जुलै २०२३ मध्ये फेडरल न्यायालयाने मंत्र्यांच्या पूर्वग्रहाची वाजवी शंका येते या कारणास्तव तो निर्णय रद्द केला आणि सरकारने अपील केले नाही.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. नापान्डीत केवळ कमी पातळीचा कचरा कायमचा पुरला जाणार होता. मध्यम पातळीचा कचरा तेथेही 'तात्पुरता'च ठेवला जाणार होता, म्हणजे तो एका गोदामातून उचलून शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या गोदामात नेण्याची ही योजना होती. त्या कचऱ्याचे अंतिम स्थळ सरकारपाशी तेव्हाही नव्हते.

ल्यूकस हाइट्सची साठवण क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव या निकालाच्या आधीच पुढे आला होता. निकालानंतर तोच मुख्य मार्ग उरला. हायफारचे विघटनही अद्याप पूर्ण झालेले नाही. त्यातून निघणाऱ्या कचऱ्यालाही कोठेतरी जागा द्यावी लागणार आहे.