शिपायाची १६० एकर

आज अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. इलिनॉय आणि मिसिसिपी या नद्यांच्या बेचक्यात नॉक्स काउंटी दिसेल. काउंटी म्हणजे आपला छोटा जिल्हा समजा. नाव हेन्री नॉक्सचं. वॉशिंग्टनच्या फौजेतला तोफखान्याचा प्रमुख, पुढे युद्धमंत्री. मी स्वतः तोफखान्यातला, त्यामुळे नजर तिथेच अडकली.

१८१२ च्या युद्धासाठी भरती होणाऱ्या शिपायाला सरकारने १६० एकर जमीन कबूल केली होती. त्यासाठी या दुआबातली सुमारे ३५ लाख एकर राखून ठेवली. पण ही जमीन कुणाची? १८०४ च्या सेंट लुईस तहात सॉक आणि फॉक्स लोकांकडून ती घेतलेली. सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असं सॉक नेता ब्लॅक हॉकचं म्हणणं होतं. १८३२ मध्ये तो लढला आणि हरला. त्याच्याविरुद्ध उभ्या केलेल्या मिलिशियात अब्राहम लिंकन एका कंपनीचा कॅप्टन होता. त्याला लढाई काही पाहायला मिळाली नाही!

मोजणी झाली ६६ फुटी साखळीने. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्याचा चतकोर शिपायाचा. सोळावा चौकोन शाळेसाठी. सगळं कागदावर चोख.

आणि शिपाई? बहुतेक आलेच नाहीत. घर हजार मैलांवर पूर्वेला, खिसा रिकामा. कागद सटोडियांना विकले. माझ्या पलटणीतल्या एका हवालदारालाही सरकारी जमीन मिळाली होती. गावापासून इतकी लांब, की त्याने ती कधी कसलीच नाही. इथे तर मालक दूर, कर थकलेला, मग जमिनीचा लिलाव, एकाच तुकड्यावर दोन-दोन हक्क. त्यामुळे वस्ती रखडली.

जे आले ते आधी झाडीच्या कडेने राहिले. सरपण, कुंपण, घर, सगळं लाकडाचंच. माळरानाच्या चिवट, चिकट मातीला बिडाचा नांगर पुरेना. १८३७ मध्ये इलिनॉयातच जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर बनवला, आणि माळ उलटू लागला.

त्याच साली न्यूयॉर्ककडचे पाद्री जॉर्ज वॉशिंग्टन गेल यांच्या मंडळींनी गेल्सबर्ग वसवलं. सव्वा डॉलर एकराने सरकारी जमीन घ्यायची, चढ्या भावाने वसाहतकऱ्यांना विकायची आणि नफ्यातून कॉलेज काढायचं, असा त्यांचा बेत. नॉक्स कॉलेज आजही चालू आहे. १८५८ मध्ये त्याच्याच इमारतीपाशी लिंकन आणि डग्लस यांचा गुलामगिरीवर वाद झाला.

काउंटीची कचेरी मात्र शेजारच्या नॉक्सव्हिल गावात होती. १८५४ मध्ये आगगाडी आली ती गेल्सबर्गला. गावं भांडली, प्रकरण बरीच वर्षं चाललं, आणि १८७३ मध्ये कचेरी गेल्सबर्गला गेली. नॉक्सव्हिलमध्ये जुन्या कोर्टाची खांबांची इमारत अजून उभी आहे.